एस्केप केलेली विभाजक चिन्हे रेग्युलर एक्स्प्रेशनने कशी हाताळावीत

मोबाइलमधील संपर्कांची यादी दुसऱ्या फोनवर नेताना किंवा संगणकावर जपून ठेवताना जी फाइल तयार होते, ती बहुधा व्हीकार्ड या स्वरूपाची असते. तिच्यात एका व्यक्तीचा पत्ता एकाच ओळीत लिहिलेला असतो. त्याचे सात भाग, म्हणजे टपालपेटी, जादा तपशील, रस्ता, गाव, राज्य, पिनकोड आणि देश, हे अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. ओळीच्या आरंभीचे नाव बाजूला ठेवले, तर उरलेला मजकूर असा दिसतो:

`;;घर क्र. १२\, शनिवार पेठ;पुणे;महाराष्ट्र;४११०३०;भारत`

पहिले दोन भाग रिकामे आहेत, म्हणून ओळ दोन अर्धविरामांनी सुरू होते. लक्ष द्यायचे ते ‘१२’ नंतरच्या बॅकस्लॅशकडे. एकाच भागात अनेक मूल्ये असतील, तर ती स्वल्पविरामाने वेगळी करण्याची सोय या स्वरूपात आहे. त्यामुळे पत्त्यातला साधा स्वल्पविराम लिहायचा असेल, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश ठेवून ‘हे विभाजक चिन्ह नव्हे, हा मजकूर आहे’ असे सांगावे लागते. यालाच त्या चिन्हाला एस्केप करणे म्हणतात. ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६३५० या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात व्हीकार्डच्या ४.० आवृत्तीचे नियम दिले आहेत. त्यांनुसार स्वल्पविराम, अर्धविराम, खुद्द बॅकस्लॅश आणि नवी ओळ या चारही गोष्टी बॅकस्लॅश वापरून लिहिता येतात.

अशी ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातला नमुना (पॅटर्न) शोधण्यासाठी लिहिलेल्या सूत्राने, रोजच्या बोलीत रेजेक्सने, अचूक कशी तोडावी हे या लेखात पायरीपायरीने पाहू. उदाहरण पत्त्याचे असले, तरी कॉन्फिगरेशनच्या फायली, लॉग किंवा डेटाबेसमधून काढलेला मजकूर यांनाही हीच रीत लागू पडते.

पहिली पायरी: ओळ आधी सलग करा

व्हीकार्डमध्ये ७५ बाइटांपेक्षा लांब ओळ मोडून पुढच्या ओळीवर नेण्याची शिफारस आहे आणि अशी मोडलेली ओळ रिकाम्या जागेने सुरू होते. इंग्रजी पत्त्यांना याची झळ क्वचितच लागते. मराठी पत्त्यांचे तसे नाही, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे प्रत्येक व्यंजन, मात्रा किंवा अनुस्वार, तीन बाइट घेते आणि साधारण पंचवीस चिन्हांतच मर्यादा भरते. ओळ नेमकी बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम यांच्या मध्येही मोडलेली असू शकते. म्हणून नवी ओळ आणि तिच्यामागची एक रिकामी जागा ही जोडी जिथे जिथे दिसेल तिथे ती सर्वप्रथम काढून टाकावी, आणि ओळीच्या शेवटी उरलेले नव्या ओळीचे चिन्हही छाटावे. हे छाटणे महत्त्वाचे आहे, कारण पायथन आणि पीएचपी यांच्या रेजेक्समध्ये `$` हे चिन्ह मजकुराच्या अगदी शेवटी जुळते, तसेच शेवटच्या नव्या ओळीच्या अलीकडेही जुळते.

दुसरी पायरी: मागे वळून पाहण्याचा मोह टाळा

नवशिक्याला सर्वांत आधी सुचणारा उपाय असा असतो: अर्धविरामावर तोडायचे, पण त्याच्या आधी बॅकस्लॅश असेल तर तोडायचे नाही. रेजेक्समध्ये ही अट लुकबिहाइंडने, म्हणजे मागचे चिन्ह तपासणाऱ्या रचनेने, लिहितात:

`(?<!\\);`

वरच्या पत्त्यावर हा पॅटर्न अगदी व्यवस्थित चालतो आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. समजा, एखाद्याने रस्त्याच्या रकान्यात ‘गट ४५\’ असे लिहिले आहे आणि शेवटचा बॅकस्लॅश त्याच्या मजकुराचाच भाग आहे. फायलीत तो एस्केप होऊन दुहेरी होतो:

`गट ४५\\;पुणे`

इथला पहिला बॅकस्लॅश दुसऱ्याला एस्केप करतो. त्या दोघांचा हिशेब तिथेच मिटतो आणि पुढचा अर्धविराम खरा विभाजक ठरतो. लुकबिहाइंड मात्र फक्त एक चिन्ह मागे पाहतो. त्याला तिथे बॅकस्लॅश दिसतो, म्हणून तो तोडत नाही. परिणामी गट आणि गाव एकाच रकान्यात चिकटतात आणि त्यापुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात. अर्धविरामाच्या आधी सलग किती बॅकस्लॅश आहेत यावर सगळे अवलंबून असते. शून्य, दोन, चार अशी सम संख्या असेल, तर अर्धविराम विभाजक असतो. एक, तीन, पाच अशी विषम संख्या असेल, तर तो मजकूर असतो.

हे लक्षात आल्यावर काही जण पॅटर्न सुधारून असा करतात:

`(?<!\\)(?:\\\\)*;`

बॅकस्लॅशच्या जोड्या मोजून मगच अर्धविराम घ्यायचा, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. पण तोडण्याच्या फंक्शनला हा पॅटर्न दिला, की जुळलेला सगळा भाग विभाजक समजून फेकला जातो. अर्धविरामाबरोबर बॅकस्लॅशही जातात, ‘गट ४५\’ चे ‘गट ४५’ होते आणि कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. डेटा गुपचूप बदलणे ही चूक प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा गंभीर आहे, असे मी मानतो.

तिसरी पायरी: डावीकडून उजवीकडे, जोडीजोडीने वाचा

बॅकस्लॅश कधीही एकटा वाचायचा नसतो. तो आणि त्याच्या लगेच पुढचे चिन्ह मिळून एक घटक होतो, मग ते चिन्ह अर्धविराम असो, स्वल्पविराम असो की दुसरा बॅकस्लॅश असो. वाचन डावीकडून सुरू केले आणि प्रत्येक बॅकस्लॅश जोडीदारासह उचलला, तर सम-विषम मोजण्याची गरजच उरत नाही. एका रकान्याच्या मजकुरासाठी हा नियम रेजेक्समध्ये असा लिहिता येतो:

`(?:[^;\\]|\\.)*`

कंसात दोन पर्याय आहेत. `[^;\\]` हा पर्याय अर्धविराम आणि बॅकस्लॅश सोडून कोणतेही एक चिन्ह घेतो. चौकटी कंसातही बॅकस्लॅश दुहेरी लिहिला आहे, कारण रेजेक्सच्या व्याकरणात एकटा बॅकस्लॅश पुढच्या चिन्हाचा अर्थ बदलतो. `\\.` हा दुसरा पर्याय एक बॅकस्लॅश आणि त्याच्या पुढचे कोणतेही एक चिन्ह मिळून जोडी घेतो. शेवटच्या ताऱ्यामुळे हे कितीही वेळा घडू शकते, शून्य वेळाही.

पहिल्या पर्यायातून बॅकस्लॅश वगळलेला असणे हा या पॅटर्नचा कणा आहे. तो वगळायला विसरून `(?:[^;]|\\.)*` असे लिहिले, तर पहिला पर्याय बॅकस्लॅशला साधे चिन्ह म्हणून उचलतो, त्यामागचा अर्धविराम उघडा पडतो आणि एस्केपचा काहीच उपयोग राहत नाही. दोन पर्यायांपैकी प्रत्येक चिन्हाला एकच वाट खुली असली पाहिजे.

आता रकान्याच्या शेवटी काय येते तेही पॅटर्नमध्ये घालू:

`((?:[^;\\]|\\.)*)(;|$)`

जुळलेला मजकूर पकडून ठेवणाऱ्या कंसाला ग्रुप म्हणतात; `?:` ने सुरू होणारा कंस काही पकडून ठेवत नाही. पहिला ग्रुप रकान्याचा मजकूर पकडतो. दुसरा ग्रुप त्यामागचा विभाजक पकडतो, आणि मजकूर संपला असेल तर काहीच पकडत नाही. आपल्या पत्त्यावर हा पॅटर्न पुन्हा पुन्हा चालवला, तर पहिल्या जागी पहिला ग्रुप रिकामा राहतो आणि दुसरा अर्धविराम घेतो, म्हणजे टपालपेटीचा रकाना रिकामा मिळतो. दुसऱ्यांदाही तसेच होते. तिसऱ्यांदा इंजिन, म्हणजे रेजेक्स चालवणारा प्रोग्राम, ‘घर क्र. १२’ एकेक चिन्ह घेत पुढे जाते. बॅकस्लॅशपाशी पहिला पर्याय थांबतो, दुसरा पर्याय `\,` ही जोडी उचलतो, मग पुन्हा पहिला पर्याय ‘ शनिवार पेठ’ घेतो आणि अर्धविरामावर रकाना पूर्ण होतो. असे करत सातव्या वेळी ‘भारत’ मिळते आणि तेव्हा दुसरा ग्रुप रिकामा असतो.

दुसरा ग्रुप रिकामा आला की लूप तिथेच थांबवावा. हा नियम पाळला नाही, तर बहुतेक भाषांत ‘भारत’ नंतर आणखी एक रिकामी जुळणी मिळते, कारण मजकुराच्या शेवटी शून्य लांबीचा रकानाही पॅटर्नला मान्य असतो. उलट ‘पुणे;’ अशी ओळ खऱ्या विभाजकाने संपत असेल, तर शेवटचा रिकामा रकाना खराच असतो आणि तो याच नियमाने बरोबर हाती लागतो.

विभाजक रकान्याच्या आधी ठेवून `(?:^|;)` अशी सुरुवात करण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती मी सुचवत नाही. ओळीचा पहिलाच रकाना रिकामा असेल, तर सुरुवातीला शून्य लांबीची जुळणी होते, जावास्क्रिप्टचे इंजिन तिच्यानंतर एक चिन्ह पुढे सरकते आणि तो ओलांडलेला अर्धविराम पुढच्या जुळणीला मिळतच नाही. आपल्या पत्त्याची सुरुवातच दोन अर्धविरामांनी होत असल्याने ही चूक पहिल्याच ओळीत घडली असती.

चौथी पायरी: प्रत्येक जुळणी आधीच्या जुळणीला लागूनच हवी

ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एकटा उरला, म्हणजे त्याला जोडीदारच नसला, तर ती ओळ बिघडलेली असते. अशा वेळी आपला पॅटर्न त्या जागेपासून जुळत नाही. मात्र रेजेक्स इंजिन तिथे थांबत नाही. ते पुढच्या चिन्हापासून, मग त्याच्या पुढच्या चिन्हापासून प्रयत्न करत राहते आणि अखेर ओळीच्या टोकाला रिकामी जुळणी शोधून काढते. मधला मजकूर गळून जातो आणि हाती रिकामा रकाना येतो.

यावर उपाय म्हणजे जुळणी आधीची जुळणी संपली तिथूनच सुरू झाली पाहिजे, अशी सक्ती करणे. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी वाय हा फ्लॅग आहे. पर्ल आणि पीएचपीमध्ये बॅकस्लॅशनंतर मोठे जी अक्षर लिहून ही अट पॅटर्नच्या सुरुवातीला घालता येते. पायथनमध्ये कंपाइल केलेल्या पॅटर्नच्या मॅच या मेथडला सुरुवातीची जागा देता येते. जुळणी मिळाली नाही, तर ओळ बिघडलेली आहे असे स्पष्ट कळवावे आणि तिच्यावर पुढे काम करू नये.

पाचवी पायरी: बॅकस्लॅश काढणे सर्वांत शेवटी

रकाने वेगळे झाले तरी त्यांच्यातले बॅकस्लॅश अजून तसेच आहेत, आणि ते तसेच राहू द्यावेत. तिसऱ्या रकान्यात `घर क्र. १२\, शनिवार पेठ` असा मजकूर आहे आणि या रकान्यात एकाहून अधिक मूल्ये असू शकतात. ती वेगळी करण्यासाठी वरचाच पॅटर्न अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम घालून पुन्हा चालवायचा आहे. बॅकस्लॅश आधीच काढले असते, तर पत्त्यातला स्वल्पविराम आणि मूल्ये तोडणारा स्वल्पविराम यांच्यात फरकच उरला नसता. आधी सर्व स्तरांवर तोडणे आणि मग एस्केप उतरवणे, हा क्रम बदलू नये.

एस्केप उतरवण्यासाठी `\\(.)` हा पॅटर्न शोधून त्याच्या जागी पहिल्या ग्रुपमधले चिन्ह ठेवावे. ते चिन्ह एन हे अक्षर असेल, लहान किंवा मोठे, तर त्याऐवजी नवी ओळ घालावी. हे सर्व एकाच फेरीत झाले पाहिजे. वेगवेगळ्या बदलांच्या फेऱ्या एकामागून एक चालवल्या, तर एका फेरीत तयार झालेला किंवा जोडीतून सुटलेला बॅकस्लॅश दुसऱ्या फेरीत चुकीच्या जोडीदाराला धरतो. विंडोजमधील फोल्डरचा मार्ग हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. मार्गातला बॅकस्लॅश फायलीत दुहेरी असतो आणि त्यापुढील फोल्डरचे नाव एनने सुरू होत असेल, तर नव्या ओळीची फेरी आधी चालवताच दुसरा बॅकस्लॅश आणि एन मिळून मार्गाच्या मध्येच ओळ तुटते.

उलट दिशेने, म्हणजे मजकूर फायलीत लिहिताना, `[\\;,]` शोधून सापडलेल्या चिन्हाच्या आधी एक बॅकस्लॅश घालावा आणि नवी ओळही त्याच फेरीत बदलावी. दोन फेऱ्या करायच्याच असतील, तर बॅकस्लॅश आधी आणि विभाजक नंतर हाच क्रम ठेवावा. स्वल्पविराम आधी एस्केप केला, तर ‘अ,आ’ चे `अ\,आ` होते आणि मग बॅकस्लॅश दुहेरी करताना त्याचे `अ\\,आ` होते, ज्यात स्वल्पविराम पुन्हा विभाजक बनलेला असतो.

खुद्द पॅटर्नच्या सीमाचिन्हांविषयी

इथवर विभाजक चिन्हे डेटामध्ये होती. अनेक भाषांत पॅटर्नलाही स्वतःची सीमाचिन्हे लागतात आणि नवशिक्याचा गोंधळ बहुधा इथे वाढतो. युनिक्सच्या ईडी या संपादकापासून तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, पॅटर्नच्या दोन्ही बाजूंना लिहिण्याची रीत चालत आली आहे. सेड, पर्ल आणि जावास्क्रिप्ट यांनी ती उचलली. पॅटर्नच्या आत स्लॅश हवा असेल, तर तो एस्केप करावा लागतो आणि फोल्डरचा साधा मार्गही असा वाचवेनासा होतो:

`/\/घर\/कागद\/पत्ते/`

सेड, पर्ल आणि पीएचपी यांत सीमाचिन्ह बदलता येते आणि ते जरूर बदलावे. पीएचपीमध्ये अक्षर, अंक, बॅकस्लॅश आणि रिकामी जागा वगळता बहुतेक कोणतेही चिन्ह चालते, त्यामुळे तोच पॅटर्न `#/घर/कागद/पत्ते#` असा स्वच्छ लिहिता येतो. मात्र रेजेक्समध्ये ज्याला स्वतःचा अर्थ आहे असे चिन्ह, म्हणजे `|`, `+` किंवा `?`, सीमेसाठी निवडू नये. पीएचपीमध्ये `+` सीमेवर असेल, तर आत लिहिलेला `\+` नेहमी साधे अधिकचिन्ह होतो आणि ‘एक किंवा अधिक वेळा’ हा त्याचा अर्थ त्या पॅटर्नपुरता हातातून जातो.

भाषांमधला एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. जावास्क्रिप्टमध्ये चौकटी कंसातला स्लॅश एस्केप न करता `[/]` असा लिहिता येतो. पीएचपी मात्र पॅटर्न समजून घेण्याआधीच सीमाचिन्ह शोधते, म्हणून सीमेवर स्लॅश असताना चौकटी कंसातला उघडा स्लॅशही पॅटर्न तिथेच संपवतो. तसेच पीएचपीचे प्रेग_कोट हे मजकुरातली खास चिन्हे एस्केप करणारे फंक्शन स्लॅशला आपणहून एस्केप करत नाही. आपले सीमाचिन्ह त्याला दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सांगावे लागते.

पायथन आणि जावा यांच्या पॅटर्नला सीमाचिन्हे नाहीत, पण तिथे पॅटर्न स्ट्रिंगमध्ये लिहिला जातो आणि स्ट्रिंगचे बॅकस्लॅशचे नियम वेगळे लागू होतात. जावाच्या साध्या स्ट्रिंगमध्ये आपला पॅटर्न असा लिहावा लागतो:

`"((?:[^;\\\\]|\\\\.)*)(;|$)"`

मजकुरातल्या एका बॅकस्लॅशसाठी इथे चार लागले: रेजेक्सने एकाचे दोन केले आणि स्ट्रिंगने दोनाचे चार. पायथनमध्ये अवतरणचिन्हाआधी आर हे अक्षर लावून रॉ स्ट्रिंग लिहिली, की स्ट्रिंगचा स्तर बाजूला होतो. रेजेक्ससाठी नेहमी तीच वापरावी. साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशपुढे अनोळखी अक्षर आले, तर पायथन ३.१२ पासून ठळक इशाराही मिळतो. शंका आली तर पॅटर्न आधी स्क्रीनवर छापून पाहावा. इंजिनला काय मिळते आहे ते त्यातून थेट दिसते.

वेगाचा प्रश्न

काही जण वेग वाढवण्यासाठी पहिल्या पर्यायाला अधिकचिन्ह लावून `(?:[^;\\]+|\\.)*` असे लिहितात. नीट ओळीवर ते ठीक चालते. पण पंचवीस साधी चिन्हे आणि शेवटी एकटा बॅकस्लॅश अशी ओळ आली, तर जुळणी फसते आणि बॅकट्रॅकिंग करणारे, म्हणजे जुळणी फसली की मागे येऊन दुसरी वाट तपासणारे, इंजिन त्या पंचवीस चिन्हांचे गट पाडण्याचा प्रत्येक प्रकार तपासू लागते. असे प्रकार १ कोटी ६७ लाखांहून अधिक आहेत आणि प्रत्येक नव्या चिन्हागणिक ते दुप्पट होतात. बॅकट्रॅकिंगचा भार किती दूरवर पोहोचतो हे २ जुलै २०१९ रोजी दिसले. त्या दिवशी एका रेजेक्समुळे संकेतस्थळांची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीचे सर्व्हर जगभर अडकले आणि २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे कोलमडली. तो पॅटर्न वेगळा होता, पण एकच मजकूर अनेक प्रकारे जुळू देणे हे मूळ कारण इथेही तेच आहे.

वेग खरोखरच हवा असेल, तर हे रूप वापरावे:

`[^;\\]*(?:\\.[^;\\]*)*`

आधी साधी चिन्हे एका दमात, मग प्रत्येक वेळी एक जोडी आणि तिच्यामागची साधी चिन्हे, असा याचा क्रम आहे. फेरीची सुरुवात बॅकस्लॅशनेच होत असल्याने गट पाडण्याचा एकच प्रकार उरतो. गो भाषेच्या रेजेक्समध्ये लुकबिहाइंड नाही, पण या लेखातील जोडीने वाचणारे पॅटर्न तिथेही चालतात.

बॅकस्लॅश नसलेले एस्केप

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या, फायलींत विभाजकाला बॅकस्लॅश लावत नाहीत. ऑक्टोबर २००५ च्या आरएफसी ४१८० नुसार स्वल्पविराम असलेला रकाना दुहेरी अवतरणात ठेवतात आणि आतले अवतरणचिन्ह दोनदा लिहितात. त्यासाठी `"(?:[^"]|"")*"` हा पॅटर्न पुरतो. इथेही दोन अवतरणे जोडीनेच वाचली जातात. प्रत्यक्ष कामात मात्र सीएसव्हीसाठी भाषेसोबत येणारी लायब्ररीच वापरावी, कारण ओळी ओलांडणारे रकाने ती आधीच सांभाळते.

तपासणी

पॅटर्न वापरात आणण्यापूर्वी पुढील मजकुरांवर तो चालवून पाहावा. रिकाम्या मजकुरातून एक रिकामा रकाना मिळाला पाहिजे आणि नुसत्या `;` मधून दोन. `क\;ख` मधून एक, `क\\;ख` मधून दोन आणि `क\\\;ख` मधून पुन्हा एक. `क\` या मजकुराला त्रुटीचा संदेश आला पाहिजे, रिकामा रकाना नव्हे. यानंतर अर्धविराम, स्वल्पविराम, बॅकस्लॅश आणि नव्या ओळी यांची सरमिसळ असलेले रकाने प्रोग्रामनेच तयार करून ते एस्केप करावेत, जोडावेत, पुन्हा तोडावेत आणि एस्केप उतरवून मूळ रकान्यांशी ताडून पाहावेत. फरक आढळला, तर सर्वांत लहान मजकुरावर तो पुन्हा घडवून प्रत्येक बॅकस्लॅश कोणत्या जोडीदाराबरोबर वाचला गेला हे कागदावर मांडावे. चूक ज्या जोडीपाशी आहे ती जोडी तिथे लगेच सापडते.